डायलिसिसवरच्या माणसाला आडसर पाजू नका

"रोज तीन आडसरं (शहाळी), चमचाभर खायचा सोडा, पाच लिटर पाणी, मिठाऐवजी सैंधव. एकवीस दिवसांत किडनी साफ, डायलिसिस बंद." गोव्यात काणकोणपासून पेडण्यापर्यंत फिरणारा हा मेसेज आता आमच्या डायलिसिसवरच्या मावशीच्या फोनवरही येऊन पडला. आता गप्प बसवत नाही.

आधी आडसर, कारण जीव त्यानेच जाऊ शकतो. शहाळ्याच्या 100 मिली पाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका आडसरात 300 मिली पाणी धरलं तर तिन्हींचं मिळून दोन ग्रॅमच्या आसपास झालं. अंगातलं 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तासकट बाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम. म्हणजे जवळपास तेवढंच तुम्ही वरून ओतताय! धडधाकट माणसाच्या पेशी हा भार तात्पुरता आत ओढतात आणि मग मूत्रपिंडं तो लघवीवाटे काढून टाकतात. खाल्लेल्यापैकी सुमारे 90 टक्के याच वाटेने जातं. ही वाट बंद झाली की दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते साचतच राहतं. रक्तातली पातळी लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल हवी. 6.5 च्या पुढे हृदयाची लय बिघडू शकते, आणि कधी कधी आधी काहीच न जाणवता हृदय बंद पडतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखं रक्तदाबाचं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

सैंधव मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्याने काही साधत नाही. 'लो-सोडियम' मिठात मात्र पोटॅशियम क्लोराइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये त्या मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून स्पष्ट वगळलं.

सोड्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. रोज तयार होणारं आम्ल मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती थकली की आम्ल मारणारं रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि डॉक्टर त्याच्याच गोळ्या देतात; खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. पण त्या रक्त तपासून, मोजून. चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅम सोडियम असतं, त्याने सूज आणि रक्तदाब वाढतो. सोडा घेतल्यावर लघवी तपासायच्या पट्टीचा रंग बदलला म्हणून रक्त 'अल्कलाइन' झालं असं होत नाही. जास्तीचं बायकार्बोनेट लघवीत गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

पाण्याचं तर उघड आहे. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला 99 टक्के परत घेतात. ती धुवायची टाकी नाही. लघवीच होत नसलेल्याने पाच लिटर प्यायले तर पाणी फुप्फुसांत साठतं.

आडसर पिऊन झालंच असेल आणि हातापायांतलं बळ गेलं, छाती धडधडली, तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, इस्पितळात ईसीजी आणि पोटॅशियम लगेच तपासायला सांगा.