माळ मोडून धान्य वाढत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. ‘जगातल्या अडीच टक्क्यांहून कमी जमिनीवर सतरा-अठरा टक्के माणसं पोसणाऱ्या भारताला माळरानं पडीक ठेवणं परवडत नाही. नांगर घाला, नाहीतर झाडं लावा. प्राण्यांसाठी अभयारण्यं आहेतच.’ आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला एकही निष्कर्ष टिकत नाही.

आधी धान्याचं बघू. देशातलं निव्वळ पेरणीक्षेत्र १९७०-७१ मध्ये साधारण १४ कोटी हेक्टर होतं, आजही ते त्याच्याच आसपास आहे. अन्नधान्य मात्र जेमतेम ११ कोटी टनांवरून ३३ कोटी टनांच्या पुढे गेलं. ही वाढ पाणी, बियाणं, खतं आणि दुबार पिकांची. नवं रान मोडून ती आलेली नाही.

शिवाय मोडायचं ते रान कसलं? सोलापूरकडच्या माळावर वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. पवन्या, मारवेल, कुसळी यांच्या मुळांनी ती माती धरून ठेवलेली असते. नांगर फिरला की वळवाच्या दोन सरींत ती ओढ्याला लागते. बोअर मारून डाळिंब घेता येईल, पण ते पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीतूनच कमी होणार.

आणि माळ रिकामा कधीच नसतो. पावसाळाभर धनगरांची मेंढरं तिथं चरतात. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघतात, तेव्हा वाटेतले शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. चराई गेली की हे खतही गेलं. म्हणजे माळ शेतीलाच धरून आहे.

झाडांच्या आग्रहानं तर मला फार वाईट वाटतं. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि दूरवर नजर ठेवून जगतो. त्याच्या माळावर गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा लावणं म्हणजे त्याला हुसकून लावणं. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, तरी पक्षी जवळपास नाहीसा झाला, कारण भोवतालचा माळ उरला नाही. लांडगा तर बहुतेक करून अभयारण्याबाहेरच, मेंढरांच्या मागावर राहतो.

जमिनीची खरंच चणचण वाटत असेल, तर हायवेलगतच्या बागायती काळ्या रानांचे बिगरशेती (एनए) प्लॉट पडतायत, ते आधी थांबवायची मागणी करा.