फेरो बेटं वेगळी का मोजली? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या देशांच्या, जलतरण स्पर्धेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. बडे खेळाडू येत नाहीत म्हणून स्पर्धा दुय्यम, ती होते त्या २५ मीटरच्या तलावातल्या वेळा फसव्या, आणि डेन्मार्कच्या अखत्यारीतली फेरो बेटं मी उगाच वेगळा देश म्हणून मोजली. पहिल्या दोहोंत तथ्य आहे. तिसऱ्यावरून मात्र मी भांडणार.

बड्या नावांचं कारण साधं आहे. ही स्पर्धा साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला असते आणि पुष्कळदा त्याच महिन्यात युरोपची किंवा जागतिक शॉर्ट कोर्स (२५ मीटरच्या तलावातली) स्पर्धाही येते. स्वीडनच्या सारा स्योस्त्रोमसारखी अव्वल जलतरणपटू कुठे जाईल, हे सांगायला नको.

वेळांच्या बाबतीत चूक माझी. ५० मीटरच्या तलावात १०० मीटरच्या शर्यतीत एकच टर्न (भिंतीपाशी वळणं) असतो, २५ मीटरच्या तलावात तीन. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी, तळपाय भिंतीवर, आणि मग दंड कानांना चिकटवून पाण्याखालून सरळ सूर. त्या धक्क्याचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, म्हणजे छोट्या तलावात निम्म्याहून जास्त लांबी. म्हणून तर १९९१ पासून शॉर्ट कोर्सचे जागतिक विक्रम वेगळे नोंदले जातात. असं असताना मी दोन्हींच्या वेळा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडल्या. तो तक्ता काढून टाकला आहे. पण ‘फसव्या’ नको म्हणू या. तो जवळजवळ दुसराच खेळ आहे.

आता फेरो. त्यांची जलतरण संघटना युरोपीय आणि जागतिक संघटनेची स्वतंत्र सदस्य आहे, ऑलिंपिक समितीची मान्यता मात्र त्यांना नाही. याचा अर्थ कळायला पॉल योएन्सेनकडे बघा. सुदुरोय बेटावरच्या वागुर या छोट्या गावातला हा मुलगा २५ मीटरच्या तलावात घडला. तेव्हा त्या बेटांवर ५० मीटरचा तलावच नव्हता. २००८ मध्ये बेलग्रेडला युरोपीय ज्युनियर स्पर्धेत त्यानं ४००, ८०० आणि १५०० मीटर फ्रीस्टाइलची तिन्ही सुवर्णपदकं नेली. २०१० मध्ये बुडापेस्टला, सीनियर गटात, १५०० मीटरचं रौप्य. ज्याला दर २५ मीटरला भिंत मिळायची सवय, म्हणजे १५०० मीटरला ५९ टर्न, त्यानं ५० मीटरच्या तलावात २९ टर्नमध्ये हे केलं. ही पदकं फेरोच्या नावावर आहेत. आणि २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये तोच पोहणारा डेन्मार्कच्या संघात! माणूस तोच, पोहणं तेच, झेंडा तेवढा वेगळा.

नॉर्डिक स्पर्धेत ही कसरत नाही. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड, पाहुणे बाल्टिक देश आणि खुद्द डेन्मार्क यांच्या शेजारच्या लेनमध्ये फेरोचा पोरगा स्वतःच्या टोपीत उभा राहतो. १५०० मीटर सुरू असताना टोकाला कुणीतरी आकड्यांची पाटी पाण्यात धरून बसलेलं असतं. शेवटच्या दोन लांब्या उरल्या की घंटा वाजते, प्रत्येक लेनसाठी वेगळी, सर्वांत मागे राहिलेल्यासाठीसुद्धा. मला ही स्पर्धा आवडते ती या घंटेसाठी, हे लेखात लिहायचं राहून गेलं होतं.

तेव्हा तक्ता गेला, ‘युरोपातली महत्त्वाची स्पर्धा’ हे लेखातले शब्दही मागे घेतले. सहभागी देशांच्या यादीत फेरो मात्र आपल्या ओळीवर तशीच राहतील.