दातावरची टेम्पररी कॅप दोनदा निघाली: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. डोंबिवलीहून दादरला आमच्या दवाखान्यात दोन खेपा, दोन अर्ध्या रजा आणि कॅप तरी जागेवर नाही. राग रास्त आहे. तुमचे केसपेपर इथे उघडणार नाही. तुम्ही लिहिलंत तेवढ्यावरच बोलतो.

‘दुसऱ्यांदा बसवल्यावर तोच दात आधी टेकायचा’ हे तुमचं वाक्य महत्त्वाचं. निघालेल्या कॅपच्या आतलं जुनं सिमेंट पूर्ण न खरवडता वर नवं लावलं, की कॅप तळापर्यंत बसत नाही. मग ती उंच लागते, घासागणिक हलते आणि सुटते. निळा कागद चावायला देऊन उंच ठिपका घासायला दोन मिनिटं पुरतात. तुम्ही सांगूनही ते झालं नाही, ही चूक आमचीच.

‘असिस्टंटने बसवली’ हेही बरोबर. खरं तर हे दोघांचं काम आहे. असिस्टंट कॅपच्या मटेरियलच्या कार्ट्रिजमधला पहिला थेंब फेकते, टोक मटेरियलमध्ये बुडवूनच पुटीचं माप (दाताचा साचा) भरते (नाहीतर बुडबुडे राहतात आणि कॅप तिथेच तडकते) आणि घड्याळ धरते. कॅप रबरासारखी असतानाच काढावी लागते. घाई केली तर वाकते, उशीर झाला तर शेजारच्या दातांच्या खाचेत अडकते. पण कॅपची कड आणि बाइट (चावताना दात कसे टेकतात ते) डॉक्टरनेच तपासायची.

हिरडीतून रक्त येतं म्हणालात, ते बहुधा हिरडीत घुसलेल्या कडेमुळे किंवा आत राहिलेल्या सिमेंटमुळे. याकडे दुर्लक्ष नको. सुजलेल्या, ओल्या हिरडीपाशी कायमची कॅप नीट चिकटत नाही.

‘प्लास्टिक’ म्हणालात, ते मात्र तसंच असतं. काही आठवड्यांपुरतं रेझिन, आणि सिमेंटही मुद्दाम कच्चं, म्हणजे काढताना दाताला इजा होत नाही. लवंगाच्या वासाचं युजेनॉलवालं सिमेंट आम्ही वापरत नाही. ते पुढे कायमच्या कॅपसाठी लावायच्या रेझिन सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही.

पुन्हा या. जुनी चिकटवणार नाही, नवी करू, चावण्याच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर जाडी ठेवून. पैसे घेणार नाही. साधारण पाऊण तास लागेल.

फार दिवस लावू नका; कॅप नसली की शेजारचे दात सरकतात आणि लॅबमधून आलेली कायमची कॅप बसत नाही. तोवर त्या बाजूने चिक्की, चणे नकोत. फेव्हिक्विक तर अजिबात नको. निघालेली कॅप ठेवली असेल तर डबीतून आणा, आतलं सिमेंट पाहायचं आहे.