ऐपत विचारायची ती केव्हा?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची एक योजना आहे. २०२३च्या मूळ नियमांत जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत, आणि शिक्षा संपली तरी दंड भरता येत नाही म्हणून आतच राहिलेल्याला २५ हजारांपर्यंत मदत. 'आमच्या टॅक्समधून चोरांचे दंड भरा आता', असं एकाने टाकलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. पाठोपाठ अमेरिका आलीच. 'अमेरिकेत असले लाड नसतात. दंड म्हणजे दंड. नाही भरला, चल आत.'

अमेरिका आली की माझं डोकं फिरतं. रस्त्यावर थुंकण्यापासून लोकसंख्येपर्यंत कुठल्याही वादात ती हक्काची साक्षीदार, आणि साक्ष नेहमी खोटी. या योजनेचे पैसे कैद्याच्या हातात पडतच नाहीत, कोर्टात भरले जातात. कोणाला द्यायचे हे जिल्ह्याची समिती ठरवते. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा, यांतले आरोपी मुळातच वगळलेत. हे सगळं मी लिहिलं. कोणी वाचलं नाही.

बरं, अमेरिकाच हवी ना? मग १९८३चा 'बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया' घ्या. चोरीच्या केसमधला माणूस, नववीपर्यंत शिकलेला, वाचता येत नव्हतं. कोर्टाने प्रोबेशन दिलं, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर ठेवलं, वर ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई. आईवडिलांकडून उसने घेऊन त्याने २०० भरले. मग नोकरी गेली, पैसे थकले, आणि त्याला तुरुंगात टाकलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही. मुद्दाम बुडवतोय की खरंच जवळ नाहीत, हे आधी तपासा. प्रामाणिकपणे धडपडूनही जमलं नसेल तर आधी दुसरी काही शिक्षा बघा.

तरी हा झाला वसुलीच्या वेळचा प्रश्न. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या आधीचा: रक्कम लावतानाच विचारायचं की नाही? मी अमेरिकेत जिथे राहतो त्या वॉशिंग्टन राज्यात गंभीर गुन्हा सिद्ध झाला की दंड राहिला बाजूला, नुसत्या आकारण्याच सुरू व्हायच्या. पीडित निधीचे ५००, केस दाखल केल्याचे २००, डीएनए नमुन्याचे १००, वर सरकारी वकिलाचा खर्च. म्हणजे फुकट मिळालेल्या बचावाच्या वकिलाचा, बरं का! या सगळ्यावर १२ टक्के व्याज. हिशेब करून बघा. अडीच हजार डॉलर देणं असेल तर वर्षाचं व्याज ३००, महिन्याचे २५. तुरुंगातून सुटून भांडी घासणाऱ्या माणसाने दर महिन्याला नेमाने २५ डॉलर भरले, तर दहा वर्षांनी मुद्दल जागच्या जागी. गावाकडच्या सावकाराला यात नवीन काही दिसणार नाही.

राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये 'ब्लाझिना' खटल्यात नेमकं या २५ डॉलरवर बोट ठेवलं. ऐपत बघितल्याशिवाय खर्च लावू नये, हे कायद्यात होतंच. न्यायाधीश मात्र 'ऐपत विचारात घेतली आहे' असं छापलेल्या कागदावर सही करून मोकळे होत. कोर्टाने बजावलं की छापील वाक्य पुरे नाही; या माणसाची कमाई काय, देणी किती, तुरुंगात किती काळ जाणार, हे विचारा आणि विचारल्याचं नोंदीत दिसू द्या. भरपाई सोडून बाकीच्या रकमांवरचं व्याज २०१८च्या कायद्याने गेलं. पीडित निधीचे ५०० मात्र सक्तीचे होते, तिथे न्यायाधीशाचेही हात बांधलेले. गरिबांना त्यातून सूट मिळायला २०२३ उजाडलं.

मध्यंतरी बायकोच्या स्पीडिंग तिकिटाची मिटिगेशन हिअरिंग, म्हणजे दंड कमी करून मागायची सुनावणी, झूमवर होती. मी शेजारी चहा घेऊन बसलो होतो. आमच्या आधी एकजण गाडीतूनच जोडला गेला, मागच्या सीटवर डिलिव्हरीच्या पिशव्या. न्यायाधीशबाईंनी विचारलं, महिन्याला किती जमेल? तो म्हणाला, वीस. 'वीस की दहा? जे खरंच जमेल ते सांगा.' दहा ठरले. दोन मिनिटांत काम संपलं. आमची पाळी आली तेव्हा हा प्रश्न आला नाही. घरामागची झाडं झूमवर दिसतच होती.

आता आपल्याकडची बातमी आठवा, जिल्हा आवृत्तीत रोज असते: 'पाच हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी तीन महिने साधी कैद.' हे वाक्य वाचत मी लहानाचा मोठा झालो, पण पाच हजारच का, हे कधी डोक्यात आलं नाही. कायद्याने रकमेची मर्यादा घातली नसेल तिथे दंड अवाजवी नसावा, असं जुन्या भादंविच्या कलम ६३मध्ये होतं, नव्या न्याय संहितेतही आहे. पण अवाजवी कोणाला? बागायतदाराला की ऊसतोड्याला? आपल्याकडे ऐपतीचा दाखला लागतो तो जामीनदाराचा. सातबारा जामीनदाराचा. आरोपीच्या ऐपतीचा कागद कोणी मागत नाही. मग तो आत सडतो, आणि शेवटी सरकारी समिती बसून त्याचे पैसे भरते. ग्रुपवरच्या करदात्यांना खरंच चीड यायची तर याची यायला हवी.

यावर नाशिकच्या मित्राने मला व्यवस्थित आडवा घेतला. 'तू कुठला टॅक्स भरतोस रे इथे? डॉलरमध्ये बसून आम्हाला शिकवू नकोस.' खरं आहे. तिथे कर भरत नाही. मतदार यादीत नाव घातलं तरी मत द्यायला विमानाने जावं लागेल. इथे कर भरतो तर मत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. ज्युरी समन्स मात्र बिनचूक येतं आणि 'नागरिक नाही' या चौकटीवर खूण करून मी ते परत पाठवतो. 'आमच्या टॅक्समधून' हे वाक्य मला कुठेच धड म्हणता येत नाही, म्हणूनच बहुधा ते दुसऱ्याने म्हटलं की इतकं झोंबतं.

आणि गंमत म्हणजे, इथे ऑफिसात जेवताना कोणी भारतातल्या कोर्टांबद्दल नाक मुरडलं की मी उलटा फिरतो. तिथे ब्लाझिना नाही, तिथे मोतीराम. १९७८चा खटला, मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊही चालेना. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. 'तुमच्या बेअर्डनच्या पाच वर्षं आधी', हे मी छाती काढून सांगतो. तो जामिनाचा खटला आणि हा दंडाचा, हे सोयीस्कर गाळतो. मागच्या वेळी एका सहकारी बाईंनी शांतपणे विचारलं, मग आता तिथले मॅजिस्ट्रेट विचारतात का? मी म्हणालो, देश मोठा आहे, जिल्ह्याजिल्ह्यावर अवलंबून आहे. त्या म्हणाल्या, इथेही काउंटीवरच अवलंबून असतं.