जरा खानदेशी टच दे ना!

पुण्यातल्या ऑफिसात प्रत्येक मीटिंगला हेच वाक्य. टच म्हणजे काय, तर 'आहे' खोडायचं आणि 'शे' लिहायचं. झाली अहिराणी! अरे, धुळ्याकडची अहिराणी वेगळी, यावल-रावेरची लेवा बोली वेगळी, नंदुरबारला सातपुड्यात चढलात की भिली, पावरी. पण क्लायंटला सगळं एकाच डब्यात हवं.

परवा पुन्हा तेच. भर मे महिना, पारा ४५ च्या आसपास. मी भुसावळला उतरून केळीच्या बागा पालथ्या घालतोय आणि फोनवर फर्मान: "शेतात भरीत पार्टीचा सीन कर." मे महिन्यात? भरिताची मजा हिवाळ्यात. वांगी भाजायची कापसाच्या वाळल्या काड्यांवर, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. तीनदा सांगितलं. उत्तर काय, तर "लोकांना कुठे कळतंय!" कळतं हो. जळगावच्या माणसाला भरितात टोमॅटो दिसला तरी तो तोंड फिरवतो.

शेवटी बाजारातून मिळतील ती वांगी आणली, गॅसवर भाजली, वर कोथिंबीर भुरभुरली. खाली ओळ: 'अस्सल खानदेश'. ती ओळही मलाच लिहावी लागली.