कूलर कुठं लावाचा?

आमच्या धंद्यातले लोक गिऱ्हाइकाला एक उपदेश हमखास करतात: "घर घेताना भावनेत वाहून जाऊ नका." हा उपदेश होतो सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून, जिथं मुलांच्या खोलीच्या छताला तारे चिकटवलेले असतात आणि खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो. बुकिंग उघडायचं पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला नाहीतर दसऱ्याला. पितृपक्षात आम्ही सगळे माशा मारत बसतो. म्हणजे भावना चालते, फक्त ती आमच्या सोयीची हवी. गिऱ्हाइकाची भीती, संकोच, घरातला रुसवा मध्ये आला की मात्र तो "डोकं खाणारा क्लायंट" ठरतो.

नागपुरात फ्लॅट-प्लॉटचे सौदे करून द्यायला लागून मला बरीच वर्षं झाली. माझं मत असं झालंय की डोकं खाणारा क्लायंट बहुतेक वेळा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतो, आणि आपण त्याला भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

मनीष नगरकडच्या एका स्कीममध्ये एक निवृत्त काका दरवेळी एकच विचारायचे, "मॅडम, कूलर कुठं लावाचा?" सेल्सचा पोरगा हसला. म्हणाला, काका, एसीचे पॉइंट दिलेत ना तिन्ही खोल्यांत. काका गप्प झाले, अन् पुढच्या भेटीत पुन्हा तेच. नागपूरकराला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसवणं हा इथला वार्षिक सोहळा असतो, आणि नव्या स्कीमवाल्यांना दर्शनी बाजू खराब होते म्हणून तो नको असतो. मी काकांना बाजूला बसवून विचारलं की एसीचं नेमकं काय अडतंय. तेव्हा कळलं, अडत होती पेन्शन. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो, कूलर दोन-अडीचशे वॉटवर चालतो. मुलगा पुण्याला, हप्ता तो भरणार होता. "पण लाइटचं बिलही त्यालेच मागू का?" असं ते म्हणाले आणि लगेच विषय बदलला. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला उतारवयात मुलाच्या पैशाच्या घरात पाहुणा होण्याची धास्ती होती. टाइल्स, लिफ्ट, पार्किंग यातलं काहीही दाखवून ती जाणार नव्हती. आम्ही बिल्डरकडून बाल्कनीच्या बाजूला कूलरची जागा आणि पाण्याचा नळ लेखी मंजूर करून घेतला. त्याहून मोठं काम झालं ते मुलाशी फोनवर मोकळं बोलणं. ते माझ्या कामात बसतं का? माझ्या मते बसतं.

भीतीचा दुसरा प्रकार इथल्या मातीतलाच आहे. ५७२ आणि १९०० ले-आउट, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या वसाहतींचे हे आकडे, नागपूरच्या कुणालाही सांगा, तो सुस्कारा टाकेल. शेतजमिनीवर पाडलेले प्लॉट, कच्च्या कागदावर झालेले व्यवहार, मग असे प्लॉट नियमित करायचा २००१ चा गुंठेवारी कायदा, मग त्याच्या शुल्काची डिमांड भरा, मग आरएल लेटरसाठी, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी, नागपूर सुधार प्रन्यासाच्या चकरा. ज्यांच्या वडिलांनी पीएफ काढून असा प्लॉट घेतला आणि त्यावर घर बांधताना जीव मुठीत धरला, ती मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरला घरं पाहत आहेत. असा मुलगा प्रत्येक कागदाची झेरॉक्स मागतो. सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, ३० वर्षांचाच हवा म्हणतो, महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून माझ्यासमोर तपासतो. त्याला शंकेखोर म्हणणाऱ्या एजंटचा मला राग येतो. त्यानं बापाची झोप उडालेली पाहिली आहे. अशा माणसाला "विश्वास ठेवा हो" म्हणणं हा त्याचा अपमान आहे. फ्लॅट दाखवायच्या आधी फाइल हातात द्यावी: एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर नकाशा, आखीव पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, बांधकाम पूर्ण असेल तर ऑक्युपन्सी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला. त्यानं ती घरी नेऊन स्वतःच्या वकिलाला दाखवावी. गिऱ्हाइकाला आधार द्यायचा म्हणजे गोड बोलायचं, असा एक गैरसमज आमच्याकडे पसरलाय. घाबरलेल्या माणसाला कागद लागतो.

आकड्यांचंही तेच. पन्नास लाखांच्या फ्लॅटला बँक चाळीस लाखांपर्यंत देते, कारण ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची ८० टक्क्यांची मर्यादा आहे. उरलेले दहा लाख तर आपले घालायचेच, वर स्टॅम्प ड्युटी, नोंदणीचे तीस हजार, आणि बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी म्हणजे आणखी अडीच लाख. हे शेवटी कळलं की नवरा-बायकोत जे होतं ते मी बऱ्याचदा पाहिलंय. चाळीस लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता पडतो ३४,७१३ रुपये, आणि पहिल्या हप्त्यातले २८ हजारांवर नुसतं व्याज असतं. हे मी पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून देते. काही लोक त्यानंतर परत येत नाहीत. न येवोत. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडलं तरी दंड नसतो, हेही त्याच कागदावर लिहिते. ते वाचून कित्येकांचे खांदे सैल होतात.

आता बायकांबद्दल थोडं. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते, म्हणून कागदावर वहिनींचं नाव येतं. बँकेत पात्रता वाढावी म्हणून त्यांचा पगारही जोडला जातो. आणि साइटवर त्यांना काय विचारतात? "वहिनी, किचन आवडलं नं?" एका शिक्षिकेनं मला नंतर फोन करून हळूच विचारलं, उद्या माझी नोकरी गेली तर हप्त्याचं काय. हा प्रश्न तिनं सासरे, नवरा, सेल्स मॅनेजर यांच्यासमोर विचारला नव्हता, कारण अपशकुनी ठरली असती. तेव्हापासून मी प्रत्येक घरातल्या बाईशी एकदा वेगळं बोलते. पुरुष सहकाऱ्यांनीही हे करून पाहावं. सौदे मोडत नाहीत, उलट टिकतात.

टोकनच्या घाईबद्दल माझं मत कडक आहे. "दुसरी पार्टी तयार बसलीय, आजच बयाणा द्या" ही थाप आहे आणि सगळ्यांना ती थाप आहे हे माहीत आहे. तरी ती चालते, कारण घर हातचं जाण्याची भीती इतर सगळ्या शंका झाकून टाकते. रेरा कायद्याप्रमाणे नोंदवलेला विक्री करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हे गिऱ्हाइकाला आपणच सांगायला हवं. एक रात्र घरी जाऊन झोपू द्या. ज्याला सकाळीही तेच घर हवंसं वाटतं, तो मागं फिरत नाही.

आणि पाण्याची शंका आली की हसू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी ज्यांच्या हॉलमध्ये शिरलं, त्यांच्या नातेवाइकांना तळमजला दाखवताना "तो एकच दिवस होता हो" म्हणणारे एजंट मी ऐकलेत. प्लॉट नाल्यापासून किती लांब, रस्ता उंच की जोतं उंच, हे सांगा ना. माहीत नसेल तर शेजाऱ्यांना विचारून या.

रजिस्ट्री झाल्यावर आमचे फोन उचलले जात नाहीत ही तक्रार खरी आहे. आपलं कमिशन तिथं संपतं, पण माणसाची सगळ्यात वाईट रात्र बहुधा तीच असते: पैसे गेले, सही झाली, आणि आता परत फिरता येत नाही. त्या आठवड्यात मी स्वतः फोन करते. बांधकामातला दोष ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बिल्डरला स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावा लागतो, एवढं शांतपणे सांगितलं तरी भिंतीवरच्या केसाएवढ्या चिरेवरून चाललेलं रडणं थांबतं.

धंद्यातले मित्र म्हणतात, तू काय समुपदेशक आहेस का, दोन टक्के कमिशनमध्ये हे परवडतं कसं? खरं तर नाहीच परवडत, काही महिन्यांत. त्रिमूर्ती नगरातलं एक जोडपं दीड-दोन वर्षांपासून माझ्यासोबत घरं पाहून राहिलं. आईच्या औषधपाण्याचा खर्च आणि एकाचाच पगार धरून मी हिशेब मांडला, तेव्हा सध्या भाड्यानंच राहा असं मला सांगावं लागलं. दादा थोडे खट्टू झाले, वहिनी मात्र खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "मी हेच म्हणून राहिली होती, पण माझं कोण ऐकते!" मागच्या रविवारी वहिनींनी त्यांच्या बहिणीला माझ्याकडे पाठवलं. तिचंही बजेट सध्या जमत नाहीये.