वासाआधी जागा
‘मधमाशी वासावरून आपली पेटी शोधते’ हे तुमच्या लेखातलं वाक्य अर्धवट वाटलं. आमच्याकडे सातेरीच्या (देशी पाळीव मधमाशीच्या) पेट्या आहेत. भर दिवसा पेटी चार हात बाजूला सरकवली, की पराग घेऊन परतलेल्या माश्या जुन्याच जागी, रिकाम्या स्टँडवर घिरट्या घालत राहतात. पेटी शेजारीच, वासही तोच! वास कामाला येतो तो दारापाशी, पहाऱ्यावरच्या माश्यांना. जागा मात्र डोळ्यांनीच पाठ होते. नव्या माश्या दुपारी दाराकडे तोंड करून डुलत उडतात, मग घेर वाढवत नेतात.

आणि प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक निको टिनबर्गन यांचा १९३०च्या सुमाराचा प्रयोग लेखातून कसा सुटला? गांधीलमाशीच्या (तीही मधमाश्या मारणारी!) बिळाभोवती मांडलेलं पाइनच्या बोंडांचं कडं त्यांनी जरा बाजूला सरकवलं, तर परतलेली माशी त्या कड्याच्या मधोमध बीळ शोधत बसली.